बिनआवाजाची बंदूक

जवाहरनगर, रविवार, ६ जुलै १९८०

मालनला सकाळच्या एसटीत बसवून दिलं. एकोडीला तिच्या भावाकडे धानाची रोवणी लागली आहे, बाया मिळत नाहीत, म्हणून. आठ-पंधरा दिवस म्हणाली. पातळं मात्र सगळी नेली. विचारलं तर म्हणाली, चिखलाचं काम आहे, लागतात. पटलं.

गाडी सुटता सुटता खिडकीतून म्हणाली, "खरं सांगू का जी, मले आता त्या घरातला आवाज सोसत नाही."

स्टँडवरून घरी येईपर्यंत विचार केला. आवाज म्हणजे बंदूक. दुसरं घरात आहे काय? मुलगी ललिता मे महिन्यात लग्न होऊन सासरी गेली. रेडिओ जूनमध्ये गेला. तो देऊनच साकोलीच्या एका म्हाताऱ्या फॉरेस्ट कंत्राटदाराकडून ही एअरगन घेतली. मालन तेव्हा काहीच बोलली नाही, म्हणजे तिची संमती होती. लढाईच्या आधीचा माल. नळीवर बर्मिंगहॅम एवढंच वाचता येतं. दारू नाही, काडतूस नाही, सगळा कारभार स्प्रिंगवर. नळी खाली वाकवायची की आतली स्प्रिंग दाबली जाते, घोडा ओढला की सुटते आणि हवेच्या धक्क्यानं छर्रा जातो. संध्याकाळी मी परसातल्या पेरूला पावडरचा डबा टांगून नेम धरतो. एकाग्रतेसाठी. आवाज होतो, नाही असं नाही.

संकल्प: मालन यायच्या आत बंदुकीचा आवाज बंद.

मंगळवार, ८ जुलै

आवाजाचा अभ्यास केला. आवाज एक नसतोच. आधी घोड्याचा कट्ट आवाज, मग पिस्टन आपटल्याचा ठोका, आणि त्यानंतर स्प्रिंग थरथरत राहते त्याची झणझण. तीच खरी वैतागाची. काम झालेलं असतं, छर्रा गेलेला असतो, तरी हिचं आपलं चालूच.

हे फॅक्टरीच्या बसमध्ये मारोतरावाला नीट समजावून दिलं. मारोतराव म्हणजे शेजारच्या क्वार्टरमधला, आमची मधली भिंत एकच. गेटपर्यंत डोळे मिटून, मन लावून ऐकत होता.

रविवार, १३ जुलै

बंदूक उघडली.

मागची टोपी फिरवून काढायची, एवढंच काम. टोपीच्या मागे स्प्रिंग दाबून बसवलेली असते हे मला माहीत होतं. किती दाबून, हे माहीत नव्हतं. टोपी कानाजवळून गेली. स्प्रिंग तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली आणि लोणच्याची बरणी फुटली. यंदाचं आंब्याचं होतं. छतावर तेलाचा डाग पडला आहे, पाहिला तर वाईट दिसत नाही.

कुंपणापलीकडून मारोतरावाच्या ताराबाईनं विचारलं, "लांजेवार बाबू, जित्ते आहात का जी?" म्हटलं आहे, आणि स्प्रिंगमध्ये ताकद कशी साठते ते सांगायला घेतलं. अर्ध्यात तिचं दूध उतू गेलं, तिला आत जावं लागलं.

सोमवार, १४ जुलै

वरण-भात. लोणच्याशिवाय.

रविवार, २० जुलै

रोग सापडला. पिस्टनच्या तोंडाशी चामड्याचं वॉशर असतं. ते वाळून लाकूड झालं आहे, म्हणून लोखंडावर लोखंड आपटतं. स्टँडजवळ चपला शिवतो त्या डोमाकडे गेलो. त्याला वॉशर दाखवून बर्मिंगहॅमपासून सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाबू, हे जुनं ठेवून जा अन् शनवारी या. तुमी इथं बसले का माझा हात चालत नाही."

माझ्यासमोर काम करताना माणसाला दडपण येतं. ऑफिसातही पाहिलंय.

मालनला जाऊन पंधरा दिवस झाले. पाऊस चांगला आहे, रोवणी लांबली असणार.

शनिवार, २६ जुलै

वॉशर तयार. गोल, जाड, सुबक. डोमा म्हणाला, पैसे राहू द्या, तुमाले जायची घाई असंन. घाई नव्हती. पण तो दुकान आवरू लागला.

वॉशर रात्रभर एरंडेलात भिजत घातलं.

रविवार, ३ ऑगस्ट

आजचं लिहायला हात चालत नाही, पण लिहितो.

बंदूक जोडली. या वेळी टोपी दाराच्या चौकटीला टेकवून, छातीनं रेटत बसवली. छाती दुखते. तेलाबाबत हात सैल ठेवला, म्हटलं जुनं हाड आहे, पिऊ दे. घोडा ओढला आणि बंदुकीनं असा बार काढला की पेरूवरचे सगळे पोपट उडाले. नळीतून निळा धूर. मागाहून कळलं ते असं, की पिस्टननं दाबली की हवा तापते आणि तेल जास्त असेल तर पेट घेतं. म्हणजे बंदुकीचा दोष नाही.

वाईट एवढंच, की ही वसाहत दारूगोळ्याच्या कारखान्याची. इथं असा आवाज झाला की बाया हातातलं टाकून अंगणात येतात आणि फॅक्टरीच्या बाजूला धूर आहे का पाहतात. आजही आल्या. ताराबाईच्या हाताला पीठ होतं. मारोतरावाची आज रविवारची ड्यूटी होती. मी बंदूक घेऊन बाहेर गेलो नि सांगितलं, घाबरू नका, मी आहे. ताराबाई खाली बसली होती ती बराच वेळ उठली नाही.

सिक्युरिटीचे दोघे सायकलवर आले. त्यांना खाटेवर बसवून तेल, हवा, उष्णता सगळं समजावलं. एक जण मधेच म्हणाला, "समजलं बाबू, समजलं, आता पुन्हा करू नका म्हणजे झालं." लवकर पटलं त्यांना.

संध्याकाळी मारोतराव आल्यावर त्याच्याकडे जाऊन खुलासा करावा असं मनात होतं. त्यांचं दार लावलेलं होतं. आत दिवा होता.

सोमवार, ४ ऑगस्ट

बसमध्ये मारोतराव मागे बसला. मागे धक्के जास्त लागतात, का बसला कळत नाही.

रविवार, १७ ऑगस्ट

टिकाराम आला होता. मालनचा भाऊ. भंडाऱ्याला युरिया घ्यायला आला आणि मुक्कामाला इकडे. सोबत मालननं दिलेली तांदळाची पिशवी आणि थोडं लोणचं. तिची तब्येत बरी आहे. रोवणी झाली, आता निंदण आहे.

टिकाराम मोजकं बोलणारा माणूस, त्यामुळे त्याच्याशी गप्पा चांगल्या होतात. हातपाय धुतल्यापासून त्याला वॉशरचं सांगितलं, मग तेलाचं, मग पिस्टन काढून दाखवला. रात्री राहणार होता. पण पिस्टन पाहता पाहता त्याला घरच्या बैलाचा पाय दुखत असल्याची आठवण झाली. शेवटच्या एसटीनं गेला. जाताना मी म्हटलं, मालनला सांगा, आवाजाचं काम जवळजवळ झालं. तो दारात थांबला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "सांगतो जी."

ढोरावर जीव असणारी माणसं आता कमी उरली.

रविवार, २४ ऑगस्ट

काही केलं नाही. थकवा.

मंगळवार, ९ सप्टेंबर, पोळा

वाटलं होतं आज येईल. पुरणपोळी कोणाकडून आली नाही. मागच्या वर्षी ताराबाईकडून आली होती. वरण-भात केला. भात खाली लागला.

घर फार शांत आहे. संध्याकाळी बंदुकीशीच थोडं बोललो, म्हणजे तिला उद्देशून. काम करताना मोठ्यानं विचार केला तर चूक कमी होते.

रविवार, २१ सप्टेंबर

प्रगती.

फॅक्टरीच्या बस गॅरेजमधून काळं, घट्ट ग्रीस आणलं आणि स्प्रिंगला फासलं, वेटोळ्या-वेटोळ्याला. दस्त्याच्या आत सायकलच्या ट्यूबचे तुकडे बसवले. घोडा ओढला. झणझण नाही. पूर्ण बंद. फक्त ठोका उरला, उशीवर बुक्की मारावी तसा. एकट्यानंच टाळी वाजवली, आणि तिचा आवाज बंदुकीपेक्षा मोठा झाला.

हातांवरलं, कपड्यांवरलं, दरवाज्याच्या कडीचं ग्रीस निघत नाही. मालन रिठ्यानं काढायची. रिठे कुठे ठेवते माहीत नाही.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

बसमध्ये माझ्या शेजारची जागा हल्ली रिकामी राहते. गाडी भरलेली असली तरी. वयाचा मान ठेवतात.

ऑफिसात कळलं, मारोतरावानं क्वार्टर बदलून मागितलं आहे. अर्जात कारण भिंतीला ओल येते असं दिलंय. माझ्या बाजूनं भिंत कोरडी ठाक आहे. हे त्याला सांगायला गेलो तर तो आंघोळीला गेलेला. परत गेलो तर जेवत होता. तिसऱ्यांदा झोपला होता.

रविवार, ५ ऑक्टोबर

ठोकाही नको असं ठरवलं. मालननं अर्ध्या आवाजाची तक्रार केली नव्हती. हॅक्सॉ घेऊन स्प्रिंगची दोन वेटोळी कापली. ब्लेडं तीन मोडली, अंगठा कापला. पोलाद खरंच लढाईच्या आधीचं आहे.

रविवार, १२ ऑक्टोबर

फत्ते.

घोडा ओढला आणि बंदुकीनं नुसता सुस्कारा टाकला. लहान मुलानं फुंकर मारावी एवढा. छर्रा पेरूपर्यंत गेला नाही, वाटेत तुळशीजवळ पडला. डबा हलला नाही. हे एका परीनं बरंच झालं. डब्याचाही आवाज होतो, ते आजवर लक्षात आलं नव्हतं.

आता फक्त मालननं ऐकायचं, म्हणजे काहीच ऐकायचं नाही, एवढं बाकी.

रविवार, १९ ऑक्टोबर, दसरा

मालन आली नाही. धान कापणीला आलंय, लोक कमी आहेत, असा निरोप. ताराबाईनं सोनं दिलं, कुंपणावरून, हात लांब करून. मी म्हटलं, वहिनी, बंदूक आता—, तेवढ्यात आतून मारोतरावानं तिला हाक मारली.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

दिवा लावला. फटाके बाहेर. माझ्या घरातून आवाज नाही.

ठरवलं. ती येत नाही तर बंदूक तिकडे नेतो. भाऊबीजेला जावई सासुरवाडीला गेला तर कोणी नावं ठेवत नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर, भाऊबीज. एकोडीहून परतल्यावर

क्रमानं लिहितो, म्हणजे नीट लागेल.

बंदूक चादरीत गुंडाळून सकाळच्या एसटीनं निघालो. शेजारच्या इसमाला सगळी हकीकत सांगायला घेतली. तो साकोलीच्या आधीच उतरला. पुढे चालत जाणार म्हणाला.

एकोडीला धान कापून पडलं आहे. टिकारामाच्या अंगणात भारे रचलेले, बैल बांधलेले. चारही पायांवर नीट उभे होते, बरे दिसतात. मालन सुपात काहीतरी पाखडत होती. उन्हानं काळवंडली आहे, पण चेहरा भरला आहे. मला पाहून उठली, पाणी दिलं, ललिताची खुशाली विचारली. आत टिकारामाचा रेडिओ चालू होता, कृषीविषयक काही. कोणी ऐकत नव्हतं तरी बंद करत नव्हते.

ओवाळणं झालं. मग मी सगळ्यांना अंगणात बोलावलं. टिकाराम, त्याची बायको धुरपता आणि मालन. बंदूक काढली, छर्रा घातला, भाऱ्यांकडे नळी धरली आणि घोडा ओढला.

सगळे उभे होते. थोड्या वेळानं टिकाराम म्हणाला, "सुटली का?"

म्हटलं, सुटली. हेच तर.

मग जुलैपासूनचं सांगायला सुरुवात केली. टोपी, बरणी, डोमा, वॉशर. तेलापर्यंत आलो तेव्हा धुरपता चुलीकडे गेली होती. ग्रीस सांगत होतो तेव्हा टिकाराम बैलांना पाणी दाखवायला गेला. मालन बसून राहिली. सूप मांडीवर होतं, पाखडत नव्हती. मी शेवटाला आलो नि म्हटलं, आता तुझी तक्रार राहिली नाही, तर चल.

ती म्हणाली, "बंदुकीचं मी कवा काय म्हटलं जी?"

म्हटलं, आवाज सोसत नाही म्हणालीस ना.

"बंदूक तं एक डाव वाजते अन् चुप होते."

मला वाटलं, झणझणीचा मुद्दा तिच्या लक्षात राहिला नाही. म्हणून स्प्रिंग का थरथरते ते पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तिनं सगळं ऐकलं. मग सूप खाली ठेवून, अगदी हळू म्हणाली, "ललिता होती तवा अर्धं तिच्या वाट्याले जात होतं. रेडिओ होता तं बातम्या लागल्यावर तरी तुमी थांबत होते. आता सारं मलेच. सकाळी उठल्यापासून दिवा मालवेपर्यंत. मी एक शब्द बोलाले जातो तं तुमी तो घेऊन पुढं जाता. मी काही रुसून नाही आली. थकून आली."



जेवलो. धुरपतानं अनरसे वाढले. टिकारामानं एसटीपर्यंत बैलगाडीनं सोडलं. बंदूक तिथंच राहिली, भाऱ्याला टेकून. गाडी सुटल्यावर आठवली.

परतीच्या वाटेत शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, कुठले? म्हटलं, जवाहरनगर. पुढे सुचलं नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

काही नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

काही नाही. बसमध्ये खिडकीबाहेर पाहिलं. वाटेत एवढी धानाची शेतं आहेत हे एवढ्या वर्षांत दिसलं नव्हतं. त्याबद्दल सांगण्यासारखं बरंच होतं. सांगितलं नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

मारोतराव आपणहून शेजारी येऊन बसला. म्हणाला, तब्येत ठीक आहे ना? मान हलवली. मग तोच बोलू लागला. आईचे डोळे, नागपूरचं ऑपरेशन, भावाचं वागणं, ताराबाईला तीन ऑगस्टच्या त्या आवाजापासून रात्री दचकून जाग येते ते, अन् तो रात्रपाळीला असला की ती दारात बसून राहते ते. गेटपर्यंत थांबला नाही. मी ऐकलं. शेवटी म्हणाला, "तुमाले सांगून बरं वाटलं भाऊ."

माणूस किती बोलतो. त्याच्या घरच्यांचं कसं होत असेल.

ताराबाईचं मात्र डोक्यातून जात नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

ताराबाईकडून वाटीभर भाजी आली. दारात उभी राहून वाट पाहत होती, मी काही म्हणेन म्हणून. म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी चुकलं." आणखी होतं, पण तिच्या डोळ्यात पाणी आलं, म्हणून थांबलो.

गुरुवार, २० नोव्हेंबर

ऑफिसात साहेबांनी बोलावून विचारलं, घरी काही झालंय का? म्हटलं, नाही. शिपायानं न मागता चहा आणला. एवढी काळजी लोक आधी का करत नव्हते, कोण जाणे. दमायला होतं. न बोलण्यानं इतका थकवा येतो हे कोणी सांगितलं नव्हतं.

मारोतरावानं क्वार्टरचा अर्ज मागे घेतला. ओल वाळली म्हणे.

रविवार, २३ नोव्हेंबर

दुपारी दार वाजलं. मालन. हातात एक पिशवी, केसांत धानाचा भुसा, पातळ कामाचंच. धानाच्या मळणीवरून, चुरण्यावरून, उठून तशीच आली होती. दोन गाड्या बदलून, दुसऱ्या गाडीत जागा मिळाली नाही, उभी राहून.

उंबऱ्यातूनच म्हणाली, "काय झालं जी तुमाले? डॉक्टरले दाखवलं का?"

मारोतरावानं साकोलीच्या कंडक्टरजवळ निरोप धाडला होता, लांजेवार बाबू दोन हप्त्यांपासून बोलून नाही राहिले, येऊन पाहून जा. तिला निरोप सकाळी मिळाला. तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, मग गळ्याला.

म्हटलं, काही नाही.

"काही नाही कसं? बोला न."

भिंतीला टेकून बसली, पाय पसरले. टाचा चिखलानं फुटल्या आहेत. राहणार की जाणार, विचारलं नाही. पण बोला असं मला कोणी म्हटल्याला फार काळ झाला. पाणी दिलं आणि थोडक्यात सांगायचं ठरवून सुरुवात केली. एकोडीहून निघालो ते, बसमधले म्हातारे, खिडकीतली शेतं, मारोतरावाची आई, साहेबांचा चहा. तिच्या सोयीसाठी मधे थांबून विचारत होतो, लागतंय का नीट? ती हुं म्हणत होती. मग न बोलल्यानं नेमका कुठे थकवा येतो, मानेत की खांद्यात, तिथवर आलो.

हुं आलं नाही. पाहिलं तर झोपली होती. तोंड थोडं उघडं, पेला हातातच. केव्हापासून, कळलं नाही. पेला काढून घेतला, डोक्यामागे उशी सरकवली, दार लोटलं.

उरलेलं मग हळू आवाजात सांगितलं.